रात्री पोटरीत येणारे गोळे : सोडवायचे कसे, टाळायचे कसे

औदुंबर

झोपेत पोटरीत गोळा येतो, त्यावर काय करावं, हा प्रश्न इथे निरनिराळ्या धाग्यांवर विखुरलेला आहे आणि उत्तरंही तशीच विखुरलेली. कुणी केळं सांगतं, कुणी मॅग्नेशियम, कुणी गादीखाली साबण. एका जागी नीट मांडणी व्हावी म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच सांगतो : पोटात घ्यायच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा पोटरीला नीट दिलेला ताण जास्त भरवशाचा आहे, आणि तोच बहुतेक जण चुकीच्या पद्धतीने देतात. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे खोडून काढावं.

गोळा म्हणजे स्नायूचं अनावर आकुंचन. पोटरी हाताला टणक लागते, पाऊल आपोआप खाली वळतं, कळ काही सेकंदांपासून जवळपास १० मिनिटांपर्यंत टिकते आणि नंतर दिवसभर ठणका राहू शकतो. बिघाड बहुधा स्नायूत नसतो, त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूत असतो. तो विनाकारण भराभर संदेश सोडू लागतो. हे रात्रीच का होतं? अंथरुणात पडल्यावर पाऊल पुढे कलंडतं आणि पोटरी आखूड स्थितीत तासन्‌तास राहते. त्या आखूड स्नायूला आणखी आकसायचा हुकूम मिळाला तर त्याला अडवायला उलट बाजूने ताणच नसतो. स्नायू लांबवला की कंडरेतले संवेदक मज्जारज्जूला कळवतात आणि तिथून हुकूम मंदावतो.

गोळा आला की पहिली गोष्ट, गुडघा पूर्ण सरळ करा. मग पाऊल घोट्यातून वर, नडगीकडे ओढा. हात पोचत असेल तर चवडा धरा. नुसती बोटं ओढली तर ताण बोटांतच संपतो. हात पोचत नसेल तर टॉवेल चवड्याखालून घालून त्याची दोन्ही टोकं ओढा. झटका देऊ नका, ताण हळूहळू वाढवा आणि ३० सेकंद ते १ मिनिट धरून ठेवा. कळ थांबली तरी आणखी १५-२० सेकंद सोडू नका. लगेच पाय आखडून घेतला तर तोच गोळा पुन्हा येतो.

उभं राहता येत असेल तर जमिनीवर टाच टेकवून त्या पायावर शरीराचं वजन द्या आणि मग दोन-तीन मिनिटं सावकाश चाला. चालताना टाच आधी टेकली पाहिजे.

रेवा

गुडघ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचं कारण लिहिते. पोटरीत एकाखाली एक असे दोन मोठे स्नायू आहेत. वरचा, बाहेरून फुगीर दिसतो तो, गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडापासून निघतो आणि टाचेपर्यंत जातो. म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. गुडघा वाकलेला असला की तो वरच्या टोकाला ढिला पडतो, मग पाऊल कितीही ओढा, पुरेसा ताण पोचत नाही. आणि गोळा आल्यावर माणूस नेमका गुडघा पोटाशी घेतो. "ओढलं तरी सुटत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

खालचा चपटा स्नायू गुडघ्याच्या खाली सुरू होतो. कळ पोटरीच्या खालच्या भागात, टाचेच्या कंडरेकडे असेल आणि सरळ गुडघ्याने सुटत नसेल, तर टाच जमिनीला टेकलेलीच ठेवून गुडघा थोडा पुढे वाकवा.

पोटरी सोडून इतर ठिकाणीही गोळे येतात आणि तिथे ताणाची दिशा बदलते :

तळव्याच्या कमानीत आला तर बोटं, विशेषतः अंगठा, मागे नडगीकडे वळवा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमान टाचेकडून बोटांकडे दाबत न्या.

मांडीच्या मागे आला तर उताणं पडून पाय सरळ ठेवा, चवड्याखाली टॉवेल घाला आणि अख्खा पाय सरळ गुडघ्याने वर उचला. बसून करायचं असेल तर पाय समोर पसरून पाठ ताठ ठेवून कमरेतून पुढे वाका.

मांडीच्या पुढच्या बाजूला आला तर आधार धरून उभे राहा, घोटा मागून धरा आणि टाच नितंबाकडे आणा. गुडघा जमिनीकडे असावा, बाजूला जाऊ देऊ नये.

नडगीच्या बाहेरच्या बाजूला आला तर सगळं उलटं. तिथे पाऊल वर ओढलं तर तोच स्नायू आणखी आखूड होतो आणि कळ वाढते. पाऊल खाली, बोटं पुढे करून ताणा. मात्र हळू, कारण पाऊल जोरात खाली केलं की मागे पोटरीत दुसरा गोळा येऊ शकतो.

नियम एकच लक्षात ठेवा : ज्या हालचालीने तो स्नायू आकसतो, तिच्या बरोबर विरुद्ध हालचाल.

सदाफुली

खूप उपयुक्त धागा. एक शंका. सत्तरीपुढच्या, तोल कमी असलेल्या माणसाने रात्री उठून टाच टेकवायची म्हणजे पडायचीच भीती. त्यांनी काय करावं?

औदुंबर

सदाफुली, रास्त प्रश्न. गोळ्यापेक्षा घाईत उठून पडणं जास्त घातक आहे. अशांनी उभं राहूच नये. रात्री अंथरुणात हाताला लागेल असा लांब टॉवेल किंवा रुंद पट्टा ठेवावा, साधारण दीड मीटर. गोळा आला की पडल्यापडल्या पाय सरळ करून चवड्याला पट्टा अडकवायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचं.

पट्टाही जमत नसेल तर पलंगाच्या पायथ्याच्या फळीला किंवा भिंतीला तळवा टेकवून, गुडघा सरळ ठेवून टाचेने ढकलायचं. "चवड्याने ढकला" असं सांगू नका, चवड्याने ढकलताना पोटरीच काम करते आणि गोळा बळावतो. टाच पुढे सरकली पाहिजे, बोटं नाकाकडे आली पाहिजेत.

कळ ओसरल्यावर उठायचंच असेल तर आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं, दिवा लावावा, मग आधार धरून उठावं. गोळा येऊन गेलेला पाय काही वेळ पूर्ण भार घेत नाही, लचकतो.

वाटसरू

हे सगळं गोळा आल्यानंतरचं झालं. येऊच नये म्हणून झोपण्यापूर्वी काय करायचं?

रेवा

झोपायच्या लगेच आधीचा ताण. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर ६ आठवडे हे तपासलं. रोज रात्री झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीमागच्या स्नायूंना ताण देणाऱ्या गटात गोळ्यांची संख्या आणि तीव्रता दोन्ही कमी झाली. त्याआधी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या १२ आठवड्यांच्या एका चाचणीत पोटरीच्या ताणाचा फायदा दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. म्हणजे पुरावा एकमुखी नाही. पण यात खर्च नाही, दुष्परिणाम जवळपास नाहीत, आणि गोळा सुटतोही याच क्रियेने. सगळ्यात आधी करून पाहायला हाच उपाय योग्य.

पद्धत अशी :

१. भिंतीकडे तोंड करून ६० ते ९० सेंमी अंतरावर उभे राहा. हात खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा. एक पाय मागे घ्या. मागचा गुडघा सरळ, मागची टाच पूर्ण टेकलेली, पाऊल भिंतीकडे सरळ. पुढचा गुडघा वाकवत कंबर भिंतीकडे न्या. पोटरीत ओढ जाणवली की थांबा.

२. तीच स्थिती ठेवून मागचा गुडघाही थोडा वाकवा, टाच उचलू नका. आता ओढ खाली, टाचेजवळ जाणवेल.

३. मांडीमागच्या स्नायूंसाठी टाच एखाद्या बुटक्या स्टुलावर ठेवा, गुडघा सरळ, पाठ ताठ, कमरेतून पुढे झुका. खुर्ची सरकणारी नको.

प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद धरायचा, प्रत्येक पायाला ३ वेळा. मध्ये ५ सेकंद सैल सोडायचा. दोन्ही पाय मिळून फार तर १० मिनिटांच्या आसपास लागतात.

चुका कुठे होतात तेही लिहिते. मागचं पाऊल बाहेर वळतं, मग ताण पोटरीच्या एका कडेला जातो. टाच उचलली जाते. तसं होत असेल तर भिंतीपासूनचं अंतर कमी करा. धक्के देत वर-खाली केलं तर स्नायू बचावासाठी उलट आकसतो. श्वास रोखला जातो. आणि वेदना होईपर्यंत ताणलं जातं. ओढ हवी, दुखणं नको. २-३ रात्री करून "फरक नाही" म्हणून सोडू नका, किमान ३-४ आठवडे सलग करा.

काजवा

रेवा यांना अनुमोदन. झोपायच्या स्थितीबद्दल भर घालतो, ती दुर्लक्षित राहते.

उताणं झोपत असाल तर पांघरुणाचं पायथ्याचं टोक गादीखाली घट्ट खोचू नका. जड, घट्ट पांघरूण पावलांना रात्रभर खाली दाबून ठेवतं. ते सैल सोडा, किंवा पायथ्याला टणक उशी उभी करून तळवे तिला टेकवा, म्हणजे पावलं काटकोनात राहतात. पालथं झोपत असाल तर पावलं गादीच्या कडेबाहेर लोंबू द्या. कुशीवर झोपणाऱ्यांनी पावलं कुठे कलंडतात तेवढं पाहावं.

झोपेत पाय ताणून आळस द्यायची सवय असते, तिथेच अनेक गोळे सुरू होतात. आळस द्यायचा तर टाच पुढे ढकलून द्या, बोटं पुढे करून नको. पोहताना येणाऱ्या गोळ्यांचं कारणही बहुधा पाऊल सतत ताणून पुढे ठेवणं हेच असतं.

दिवसा उंच टाचेची पादत्राणं, कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहणं, सवय नसताना एकदम खूप चढ-उतार किंवा धावणं, यानंतरच्या रात्री गोळे जास्त येतात. अशा दिवशी संध्याकाळी ५-१० मिनिटं सावकाश चालणं किंवा हलकी सायकल आणि मग वरचे ताण.

निशिगंध

मॅग्नेशियमबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. बहुतेक सगळीकडे तोच पहिला सल्ला असतो.

मात्रा

लिहिते. निराशा होईल, पण आकडे पाहावेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या चाचणीत रात्री गोळे येणाऱ्या ९४ प्रौढांना ४ आठवडे मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या. गोळे दोन्ही गटांत कमी झाले आणि जवळपास सारखेच कमी झाले. २०२० च्या कॉक्रेन आढाव्याचा (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) निष्कर्षही हाच, की वयस्कांत मॅग्नेशियमने गोळे लक्षणीय टळण्याची शक्यता कमी. गर्भवतींबाबत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

दोन्ही गटांत गोळे कमी झाले, हे नीट समजून घ्या. गोळ्यांचा त्रास लाटांनी येतो. माणूस औषध सुरू करतो ते त्रास टोकाला गेल्यावर, आणि त्यानंतर तो आपोआप ओसरणारच असतो. श्रेय त्या आठवड्यात जे सुरू केलं त्याला मिळतं. कुठल्याही घरगुती उपायाबद्दल "मला लागू पडलं" वाचताना हे ध्यानात ठेवावं.

रक्तात मॅग्नेशियम खरंच कमी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते भरून काढायलाच हवं. दीर्घकाळचे जुलाब, अति मद्यपान, काही मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधं आणि आम्लपित्तावरची ओमेप्राझोलसारखी औषधं वर्षानुवर्षं चालू असणं, ही त्याची नेहमीची कारणं. स्वतःच्या मनाने घ्यायचंच असेल तर पूरक गोळ्यांतून दिवसाला ३५० मिग्रॅपेक्षा जास्त मॅग्नेशियम प्रौढांनी घेऊ नये. ऑक्साइडने पोट सैल होतं. थायरॉइडच्या गोळीपासून आणि काही प्रतिजैविकांपासून किमान ४ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती औषधं नीट शोषली जात नाहीत. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम शरीरात साचतं, तेव्हा विचारल्याशिवाय अजिबात नको.

निशिगंध

आणि केळं?

मात्रा

मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिग्रॅ पोटॅशियम असतं, प्रौढाची दिवसाची गरज २६०० ते ३४०० मिग्रॅच्या आसपास. आहार म्हणून उत्तम. पण रात्री गोळे येणाऱ्या बहुतेकांचं पोटॅशियम मुळात व्यवस्थित असतं. आणि ते खरंच खूप घटलं असेल तर एका केळ्याने भरून येत नाही, तपासून औषधच लागतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधं चालू असतील तर गोळ्यांसाठी म्हणून केळी, नारळपाणी, पोटॅशियमवालं मीठ यांचा मारा करू नका. पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडते.

वाटसरू

पाणी कमी पडल्याने गोळे येतात हे तरी खरं का?

काजवा

अर्धं खरं. उन्हात खूप घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या, तर येतात. त्या वेळी नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखरेचं पाणी बरं : १ लिटर स्वच्छ पाण्यात ५ मिलीच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप सपाटच हवं; मीठ जास्त झालं तर ते पाणी अपाय करतं. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे रोजचं पेय करू नये.

बाकी दिवशी लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी दिवसभरात प्यायलं की पुरे. झोपताना दोन पेले प्यायल्याने गोळे टळत नाहीत, लघवीला उठावं मात्र लागतं. रात्री मद्य घेणाऱ्यांनी ते बंद करून पाहावं, तिथे फरक पडण्याची शक्यता जास्त आहे.

झुळूक

लोणच्याच्या पाण्याने गोळा मिनिटभरात जातो असं वाचलं. त्यातल्या मिठामुळे ना?

मात्रा

मिठामुळे नाही, आणि तेलातलं लोणचंही नाही. प्रयोग झाला तो व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकडीच्या पाण्यावर. २०१० च्या प्रयोगात तरुणांच्या पायाच्या अंगठ्याजवळच्या स्नायूत विजेच्या सौम्य धक्क्यांनी गोळा आणला आणि वजनाच्या दर किलोमागे १ मिली या मापाने ते पाणी दिलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० मिली. साध्या पाण्याच्या तुलनेत गोळा सरासरी सुमारे ४९ सेकंद आधी सुटला. इतक्या थोड्या वेळात मीठ पोटातून रक्तात जाऊन स्नायूपर्यंत पोचणं शक्य नाही, रक्तातले क्षार बदललेही नव्हते. तीव्र आंबट चव घशाला लागल्यावर मज्जासंस्थेकडून जी प्रतिक्षिप्त क्रिया होते, तिने हुकूम दबत असावा असा अंदाज आहे. यकृताच्या सिरोसिसमध्ये गोळे फार छळतात. अशा रुग्णांवरच्या २०२२ च्या चाचणीत गोळा येताच घोट घेतल्याने तीव्रता घटल्याचं दिसलं.

म्हणजे हा गोळा सोडवायचा उपाय आहे, टाळायचा नाही. एखादा मोठा चमचा तोंडात घेऊन घशापर्यंत चव लागू द्यायची. पडल्यापडल्या घाईत पिऊ नका, ठसका लागतो, आधी उठून बसा. आम्लपित्त किंवा रक्तदाब असेल तर नकोच. आणि ते येईपर्यंत पाय सरळ करून ताणायला काय हरकत आहे? बाटली शोधण्यात जाणारा वेळ ताणाने वाचतो.

सदाफुली

गादीखाली साबणाची वडी? हसू नका, खूप जण सांगतात.

औदुंबर

हसण्यासारखं काही नाही, रात्री कळ येते तेव्हा माणूस काहीही करून बघतो. पण साबणातून पोटरीच्या स्नायूवर परिणाम होईल असा कुठलाही मार्ग ज्ञात नाही. वर मात्रा यांनी लाटांबद्दल लिहिलंय, तेच इथे. अपाय नाही, फक्त तो ठेवून ताण द्यायचं सोडू नका.

शेक आणि मालिश मात्र कामाचे आहेत, पण क्रम महत्त्वाचा. आधी ताण, गोळा सुटला की मग चोळणं. आकसलेला स्नायू बोटांनी जोरात मळला तर तंतूंना इजा होऊन दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. तेलाचा हात लावून घोट्याकडून गुडघ्याकडे, तळहाताने, मध्यम दाबाने ३-५ मिनिटं चोळा. मग गरम पाण्याची पिशवी. पाणी उकळतं नको, पिशवी दोन तृतीयांशच भरा, हवा काढून झाकण लावा, टॉवेलमध्ये गुंडाळा, १५-२० मिनिटं ठेवा आणि झोपण्यापूर्वी काढा. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याला काहींना गारवा बरा वाटतो, तोही कापडातून, १० मिनिटं.

झोपण्यापूर्वी कोमट पाण्यात पाय बुडवायचे असतील तर पाणी ४० अंशांपर्यंत, पोटरी बुडेल एवढं, १०-१५ मिनिटं, आणि ताण त्यानंतर. त्यात एप्सम सॉल्ट घातलं तरी चालेल, पण मॅग्नेशियम कातडीतून पुरेसं आत जातं हे सिद्ध झालेलं नाही. गुण कोमटपणाचा. मधुमेहाने पावलं बधिर झालेल्यांनी पिशवी आणि गरम पाणी दोन्ही टाळावं; चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

मात्रा

आता ज्याकडे लोकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं ते : चालू असलेली औषधं. रक्तदाबाची मूत्रल औषधं, दम्याचे दीर्घकाळ परिणाम करणारे साल्मेटेरॉलसारखे इन्हेलर, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन्स, हाडांसाठीचं रॅलॉक्सिफिन. यांपैकी काही सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर गोळे सुरू झाले असतील तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. औषध स्वतःहून बंद करू नका. बदल, मात्रा किंवा वेळ ते ठरवतील. स्टॅटिन चालू असताना अंगभर स्नायू दुखू लागले, अशक्तपणा आला आणि लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

क्विनाइन या मलेरियावरच्या जुन्या औषधाचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने गोळे थोडे कमी होतात हे खरं, पण प्लेटलेट्स एकाएकी कोसळणं, हृदयाची लय बिघडणं असे जीवघेणे परिणाम झाल्यामुळे अमेरिकेत १९९४ साली गोळ्यांसाठी त्याची चिठ्ठीविना विक्री थांबवली गेली आणि २००६ मध्ये मान्यता नसलेली उत्पादनंही बाजारातून काढायला लावली. "मग टॉनिक वॉटर पितो" असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब : अमेरिकेत त्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८३ मिग्रॅ क्विनाइनला परवानगी आहे, म्हणजे २५० मिलीच्या पेल्यात २० मिग्रॅ. गोळ्यांसाठी पूर्वी दिली जाणारी मात्रा २०० ते ३०० मिग्रॅ होती. उपयोग होईल इतकं त्यात नाही, आणि ज्याला क्विनाइनची ॲलर्जी आहे त्याला अपाय व्हायला तेवढंही पुरतं.

एक नवी गोष्ट. २०२४ साली चीनमधल्या चाचणीत ६५ आणि त्यापुढच्या १९९ जणांना ८ आठवडे रोज १८० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व के-२ किंवा निष्क्रिय गोळी दिली. के-२ च्या गटात आठवड्याला सरासरी एकाच्या आत गोळे राहिले, दुसऱ्या गटात साडेतीनच्या वर. आशादायक आहे, पण असे आणखी अभ्यास व्हायला हवेत. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉलसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी के-२ ला हात लावू नये, ते त्या औषधाचा परिणामच काढून घेतं.

झुळूक

गरोदरपणात काय करावं? गोळ्या घ्यायची भीती वाटते.

रेवा

दुसऱ्या तिमाहीपासून, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत पोटरीत गोळे येणं सर्रास आढळतं आणि बाळंतपणानंतर बहुधा थांबतं. भिंतीचा ताण चालतो, फक्त भिंतीपासून कमी अंतरावर आणि दोन्ही हात टेकवून. खाली वाकून पाऊल धरायला जमत नाही, तेव्हा औदुंबर यांनी सांगितलेला पट्टा. पाय लोंबकळत ठेवून किंवा एकावर एक टाकून फार वेळ बसू नये; बसल्या जागी घोटे तासाला २०-३० वेळा वर-खाली करावेत. कॅल्शियम-मॅग्नेशियम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आणि एकाच पोटरीला सूज, उष्णता, सतत दुखणं असेल तर "गरोदरपणात होतंच" म्हणून थांबू नये, या काळात शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो.

औदुंबर

रेवा यांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून गोळ्यासारखं वाटणारं पण गोळा नसलेलं काय काय असतं ते लिहितो.

शिरेतली गुठळी : एकाच पायात, कळ येऊन जात नाही, तासन्‌तास टिकते, पोटरी सुजते, गरम लागते, रंग बदलतो. चोळू नका, ताणू नका, तातडीने दाखवा. सोबत धाप किंवा छातीत दुखत असेल तर थेट आपत्कालीन विभाग.

धमन्यांचा अडथळा : ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की काही मिनिटांत बरी होते. आजार वाढला की रात्री पाऊल दुखतं आणि पलंगाखाली लोंबवलं की बरं वाटतं. पावलं गार, जखमा लवकर न भरणाऱ्या. यांनी घट्ट मोजे घालू नयेत.

पायांची चुळबुळ : दुखण्यापेक्षा पाय हलवल्याशिवाय राहवत नाही ही भावना जास्त, टणक गाठ नाही, हलवलं की आराम. यात शरीरातलं लोह तपासतात, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) कमी निघण्याची शक्यता असते.

मज्जातंतूंचा विकार : जळजळ, मुंग्या, बधिरपणा, बहुधा दोन्ही पावलांपासून सुरू. मधुमेहात नेहमीचा.

निशिगंध

मग साध्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे कधी जावं, आणि तपासण्या कुठल्या?

मात्रा

आठवड्यात अनेकदा झोप मोडत असेल, ३-४ आठवडे नीट ताण देऊनही फरक नसेल, गोळे हातात, पोटात, पाठीतही येत असतील, स्नायू बारीक किंवा अशक्त होत असतील, तर जावं. साधारणपणे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, रक्तशर्करा, थायरॉइड, गरजेप्रमाणे यकृत आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी तपासणी) पाहतात. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी रक्तद्रवात १ टक्क्याच्याही आत असतं, त्यामुळे अहवाल नॉर्मल आला तरी तो पूर्ण चित्र दाखवत नाही.

जाताना कोरी आठवण नेऊ नका, नोंद न्या : तारीख, वेळ, कुठला पाय, नेमकी जागा, किती मिनिटं, त्या दिवशीचे श्रम, मद्य, औषधांतले बदल. २-३ आठवड्यांची नोंद पुरते.

वाटसरू

रेवा, सांगितल्याप्रमाणे रात्री ताण द्यायला लागलं आणि ताण देतानाच गोळा आला, तर सोडून द्यायचं का?

रेवा

सोडायचं नाही, क्रम बदलायचा. ताण देताना गोळा येतो तो बहुधा तीन कारणांनी. एक, स्नायू गार असतो. आधी ५ मिनिटं चाला किंवा कोमट पाण्यात पाय ठेवा. दोन, ताणातून बाहेर येताना चवड्यावर जोर देऊन मागचा पाय ढकलला जातो. त्याऐवजी आधी कंबर मागे आणा, पुढचा गुडघा सरळ करा आणि मागची टाच टेकलेलीच ठेवून वजन तिच्यावर घ्या, मग पाय पुढे घ्या. तीन, पट्ट्याने ताणताना पाऊल पट्ट्याविरुद्ध नकळत ढकललं जातं. तेव्हा ओढ कमी करा आणि नडगीचे स्नायू वापरून पाऊल स्वतःहून वर घ्या, पट्टा फक्त साथीला. नडगी स्वतः काम करते तेव्हा विरुद्ध बाजूच्या पोटरीला सैल पडायचा संदेश जातो.

पहिला आठवडा १० सेकंदच धरा, ३० वर सावकाश जा. आणि ज्या पायाला गोळे येत नाहीत त्यालाही तेवढाच ताण द्या.